जावयाचा जिताडा

आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात जावयाला सोनं कमी घाला, कोणी काही म्हणत नाही. जिताडा दिला नाहीत तर मात्र गाव बोलतं. तोही घरच्या तलावातला हवा, आणि दारात उतरवताना त्याचे कल्ले हलत असले पाहिजेत. मेलेला मासा जावयाच्या उंबऱ्यावर ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. माझ्या आजोबांनी म्हणे आत्याबाईंच्या सासरी होडीतून जिताडा नेला, तेव्हा अख्खी खाडी ओलांडेपर्यंत हंड्यातलं पाणी हाताने ढवळत बसले होते. हात सुजला, पण मासा जिवंत पोचला. त्या काळी जावई खाडीपलीकडे असायचे हो! आता माझ्या भावाचा, हिराजीदादाचा जावई डेहराडूनला आहे. वर तो लातूरचा लिंगायत, मन्मथ त्याचं नाव, आणि जन्मात त्याने मासा तोंडात घातलेला नाही. आता बोला!

मी कुंदा. गावचं निजघर चालवते. निजघर म्हणजे मासे झोपवून लांब पाठवायची जागा. समुद्र चढत गेला, दर उधाणाला बंधारे फुटत गेले आणि आमची भातशेती खारावली ती कायमची. राहिले ते दारापुढचे तलाव आणि त्यातले जिताडे. ते दिल्ली-बंगळूरपर्यंत जिवंत पाठवायची सोय झाली म्हणून खारेपाटात चुली पेटतात, नाहीतर केव्हाच सगळे घरांना कुलपं लावून गेले असते.

मासा झोपतो कसा, हे मला येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो. सोपं आहे. औषध पाण्यात विरघळवायचं. मासा ते पाणी कल्ल्यांवरून घेतो, आणि कल्ल्यांची कातडी इतकी पातळ असते की औषध थेट रक्तात उतरतं, रक्तातून मेंदूत. नसांमधून निरोप पुढे जायचा तर मिठातल्या कणांसाठी बारीक दारं उघडावी लागतात. औषध त्या दारांत ठाण मांडून बसतं आणि निरोप थांबतात. मासा आधी तोल सोडतो, मग कुशीवर होतो, मग शेपटीला चिमटा काढला तरी हलत नाही. गंमत म्हणजे औषध ज्या वाटेने आलं त्याच वाटेने जातं. स्वच्छ पाण्यात सोडला की रक्तात औषध जास्त, पाण्यात काहीच नाही, त्यामुळे ते आपणहून कल्ल्यांतून बाहेर पडायला लागतं. माणसाला टोचलेली भूल उतरवायला त्याच्या यकृताला राबावं लागतं. माशाचं बरंचसं काम नुसतं पाणीच करतं. फक्त ते पाणी बदलत राहायचं, नाहीतर बाहेर पडलेलं औषध परत आत जातं.

मी एम.एस्सी.ला बेडकांवर काम केलं होतं. गावात अजून काही म्हातारे मला ‘बेडकीण’ म्हणतात, म्हणू देत. बेडूक तर सगळ्या अंगाने औषध पितो. औषधात भिजवलेल्या फडक्यावर नुसता बसवला तरी पेंगतो, आणि उठवायचा असेल तर न्हाऊ घालावा लागतो, कारण कातडीवर जरा राहिलं की पुन्हा आत. आपल्याकडे एक बेडूक पावसाळा सरला की जमिनीत पुरून घेतो आणि पुढच्या पावसालाच वर येतो. तोवर अन्न नाही, पाणी नाही, श्वास म्हणाल तर नावाला. त्याच्या कातडीत शरीराचा विस्तव मंद करणारा एक पदार्थ सापडला. त्यात लवंगेच्या तेलातलं भुलीचं द्रव्य मिसळलं आणि निजगोळी तयार झाली. गोळीच्या पाण्यात मासा झोपवायचा, ओल्या जेलच्या चादरीत गुंडाळायचा, पेटीत प्राणवायू भरायचा. चादरीला आमच्याकडे सगळे गोधडीच म्हणतात. त्या गोधडीत मासा पाण्यावाचून दोन दिवस सुखाने झोपतो.

तर, हिराजीदादा. त्याची एकुलती एक मुलगी तन्वी. वहिनी गेल्यावर मीच तिच्या वेण्या घातल्या. शिकायला डेहराडूनला गेली आणि तिथेच कोर्टात लग्न लावून मग बापाला फोन केला. दादाने एवढंच म्हटलं, ‘‘माझ्या तलावावर पाय ठेवायचा नाय.’’ त्यानंतर तिच्याशी एक शब्द नाही. जातीपेक्षा त्याला दुसरंच झोंबलं होतं, ‘‘जिताड्याची चव ज्याला ठाऊक नाय असला जावई!’’ आता तन्वी सात महिन्यांची गरोदर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही तर सगळ्यांचीच रीत. पण बापाने बोलावल्याशिवाय ती येणार नव्हती, आणि बोलावणं जात नव्हतं. दोघं एकाच हाडाची. मी मध्ये पडून पडून थकले. शेवटी एकदा चिडून म्हटलं, ‘‘दादा, पोरीला जिताड्याच्या डोक्याच्या कालवणाचे डोहाळे लागलेत. तिकडे थंडीत बटाटे खाते बिचारी. तुला काय त्याचं!’’

दोन दिवसांनी दादा टेंपोत पिंप टाकून निजघरात हजर.

पिंपात बघितलं आणि मी कपाळाला हात लावला. तलावातला सगळ्यात जुना, सगळ्यात मोठा जिताडा. पोट असं, की पिंपात वळता येत नव्हतं त्याला.

‘‘हा नको रे दादा. हा नुसता चरबीचा गोळा आहे. लहानसा दे, झोपवायला सोपा, उठवायला सोपा.’’

‘‘जावयाला लहान मासा? लोक शेण घालतील तोंडात.’’

‘‘अरे, जावई मासा खातच नाही!’’

‘‘तो खावो नायतर पूजा करो. मी माझी रीत सोडू?’’ मग पिंपाकडे बघतच म्हणाला, ‘‘पोचेल ना पण जिवंत? नायतर मेलेला मासा पाठवला म्हणून ती आयुष्यभर ऐकवील.’’

‘‘ती’’ म्हणाला. किती दिवसांनी पोरीचा उल्लेख केला त्याने! मासा तोलला, मापाने गोळ्या टाकल्या आणि गोधडी काढायला आतल्या खोलीत गेले. परत येईपर्यंत जिताडा कुशीवर झाला होता आणि दादा शेजारी शहाण्या मुलासारखा उभा होता.

पेटी डेहराडूनला पोचली तशी तन्वीचा फोन आला. पडद्यावर तिचा न्हाणीघरातला टब, त्यात आमचा जिताडा सरळ उभा, कल्ले हलवत. शेजारी मन्मथ गुडघ्यावर बसून त्याच्याकडे असा बघत होता, जणू घरात वाघच शिरलाय.

‘‘आत्या, जिवंत आलाय गं! बाबांनी पाठवला? खरंच बाबांनी?’’ तिचे डोळे भरून आले होते. ‘‘रात्रभर पोहू देते आणि उद्या कालवण. मन्मथने नाक दाबून बाहेर बसायचं कबूल केलंय.’’

‘‘बसतो की,’’ मन्मथ म्हणाला.

मी फोन ठेवला आणि तडक दादाकडे गेले. तो जाळं सांधत ओट्यावर बसला होता. जिताडा जिवंत पोचला म्हटल्यावर त्याचं तोंड असं फुललं की काय सांगू!

‘‘पोचणारच! तुझ्या मापावर कोण विसंबतो? तू आत गेलीस तेव्हा मी मूठभर गोळ्या जादा टाकल्या. गाडीत मध्येच जागा होऊन तडफडून मेला असता म्हणजे?’’

मी तिथेच पायरीवर बसले.

का, ते सांगते. निजगोळीचं औषध चरबीत मुरतं. मासा मेंदूतलं औषध उतरलं की उठतो, पण चरबीत लपलेलं हळूहळू रक्तात झिरपत राहतं. एखादा पिऊन पडलेला माणूस उठून घरी चालत गेला म्हणून त्याची उतरली असं होतं का? तसंच हे. बेताचा मासा, मापाची गोळी आणि आपल्याकडचं ऊबदार पाणी असेल तर रात्रभर पोहणं पुरतं, पेटीवर तेच लिहिलेलं असतं. पण हा चरबीचा डोंगर, त्यात मूठभर गोळ्या, त्यात डेहराडूनची थंडी. गार पाण्यात माशाचे कल्लेही संथ चालतात आणि रक्तही, मग औषध बाहेर पडणार कुठून? आणि तन्वी खाणार होती डोक्याचं कालवण. जिताड्याच्या डोक्यात असते तेवढी चरबी दुसरीकडे कुठे? गर्भारणीने ते खाल्लं तर पोटातल्या बाळाचं काय होतं, हे कोणी तपासलेलंच नव्हतं. कदाचित काही झालंही नसतं. पण ‘कदाचित’च्या भरवशावर मी पोरीला जेवू घालणार नव्हते.

पण सांगायचं कसं? इतक्या दिवसांनी बापाने हात पुढे केला होता, आणि त्या हातातलं खाऊ नको म्हणायचं! ती म्हणेल, बाबांना मी नाही, माशाचा तोराच प्यारा. तो म्हणेल, पोरीने माझा मासा परत लोटला. मग झालंच, बाळ शाळेत जाईपर्यंत दोघं तोंड बघणार नाहीत एकमेकांचं. पण जीभ आवरणं मला कधी जमलेलं नाही, आणि या वेळी तर आवरून चालणारच नव्हतं. दादाच्या समोरच मी फोन लावला आणि तन्वीला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, ‘‘म्हणजे मासा मरू नये म्हणून. माझ्यासाठी नाहीच ते.’’ आणि फोन ठेवला.

इकडे दादा उठून उभा राहिला. चेहरा काळाठिक्कर. ‘‘म्हणजे मी माझ्या लेकीला इख पाठवलं, असंच ना?’’

‘‘तसं नाही रे दादा...’’

‘‘तसंच झालं!’’ जाळं तिथेच टाकून तो बांधावर निघून गेला. मी हाक मारली, त्याने मागे वळून बघितलं नाही.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला तो तन्वीचा नाही, मन्मथचा.

‘‘आत्या, ती रुसून बसलीय. पण या माशाचं काय करावं की? मारायचं तर मला जमायचं नाही, अन् टाकून देणं बरं दिसत नाही. सासऱ्यांनी दिलेलं हाय.’’

हा बटाटेखाऊ मला त्या क्षणी जो आवडला, तो कायमचा. मी त्याला कामाला लावलं. पाणी कोमट ठेवायचं, त्यासाठी टबात तापकाठी लावायची. नळाचं पाणी आधी भरून ठेवायचं, त्यातलं क्लोरीन उडून जाऊ द्यायचं, मगच टबात घालायचं. अर्धं पाणी सकाळी बदलायचं, अर्धं संध्याकाळी. शिवाय आम्ही व्यापारी मालासाठी वापरतो त्या तपासपट्ट्या मी त्याला पार्सलने पाठवल्या. माशाच्या अंगाचा चिकटा पट्टीला लावायचा. औषध असेल तर ती निळी पडते आणि नसेल तर पांढरीच राहते. पहिली पट्टी शाईत बुडवल्यासारखी निळी आली.

ते बघून तन्वीने फोन हातात घेतला. ‘‘आत्या, एवढं होतं गं त्यात?’’

‘‘होतं. आणि तुझा बाप बांधावर जाऊन बसतो रोज, जेवायला बोलावलं तरी येत नाही. तुला कालवण मिळावं म्हणून त्याने तलावातला राजा काढला, बाय माझी. अक्कल नसेल, पण जीव आहे त्याचा तुझ्यात.’’

त्यानंतर एका दुपारी दादा निजघराच्या दारात येऊन उभा राहिला. आत येईना. तिथूनच म्हणाला, ‘‘पाणी कोमट हाय ना त्याला?’’

‘‘आहे.’’

‘‘खातो काय?’’

‘‘काही खात नाही. त्यांनी मेलेली कोळंबी दिली, त्याने ढुंकून बघितलं नाही.’’

‘‘मेलेली?’’ दादा तडकून आत आला. ‘‘जिताडा मेलेलं खातो कधी? हलतं लागतं त्याला! दे तो फोन इकडं.’’

मी फोन लावून दिला आणि लांब जाऊन उभी राहिले, पण कान तिकडेच. पलीकडून तन्वीचा आवाज आला, ‘‘आत्या?’’ दादा घसा खाकरत राहिला. मग म्हणाला, ‘‘मी हाय.’’

तिने फोन ठेवला नाही.

‘‘कल्ले कसे हलतात गो त्याचे?’’

‘‘सावकाश हलतात, बाबा.’’

‘‘तोंड उघडं ठेवतो का मिटलेलं?’’

‘‘मिटलेलं.’’

‘‘जिवंत कोळंबी नायतर छोटे मासे आणाय सांग त्याला. तुझ्या नवऱ्याला.’’ मग जरा थांबून, ‘‘तू जेवलीस काय?’’

मी तोंडात पदर कोंबून मागच्या दाराने बाहेर पडले.

मग दादा रोज यायला लागला. आधी माशाची चौकशी, मग हळूच पोरीची. पाय सुजतात का, डॉक्टरीणबाई काय म्हणाली, थंडीत कान बांधतेस का. मन्मथ बिचारा कुठल्याशा तळ्यावरून डब्यात जिवंत मासे आणायचा आणि डोळे मिटून टबात ओतायचा. दादाने त्याला पडद्यावरच शिकवलं, टबापाशी वाकायचं कसं, जिताड्यावर सावली न पाडता. ‘‘जावईबापू, हात थरथरू देऊ नका!’’ मी ते ऐकलं आणि देवाला तिथूनच नमस्कार केला. पट्टीचा निळा रंग रोज थोडा फिका होत होता. संध्याकाळी तन्वी सांगायची, ‘‘अजून निळीच आहे, बाबा,’’ आणि दादा म्हणायचा, ‘‘बरं, उद्या बघू.’’

असं बरंच चाललं. माझ्या हिशेबाने औषध एव्हाना निघून जायला हवं होतं. चरबीतलं औषध चिवट असतं, पण असं ठिय्या देऊन बसत नाही. मला वाटलं, पट्ट्या सादळल्या असतील. मी मन्मथला एकट्याला फोन करून पट्टी बघायला मागितली. त्याने ती कॅमेऱ्यापुढे धरली.

पांढरीशुभ्र. दुधासारखी.

‘‘अहो, हे कधीपासून?’’

मन्मथ चुळबुळला. तेवढ्यात तन्वीने फोन ओढून घेतला. ‘‘आत्या, बाबांना सांगू नकोस. तुझ्या पाया पडते. मासा बरा झाला की ते कशाला फोन करतील?’’

आता मात्र माझी पंचाईत झाली. मी ज्याच्या तोंडावर खरं बोलले नाही असा माणूस गावात सापडायचा नाही. पण पोरीचा तो चेहरा बघून माझ्याच्याने हो-नाही काहीच बोलवेना. संध्याकाळी दादा नेहमीसारखा आला. ‘‘पट्टी?’’ त्याने मला विचारलं.

‘‘निळी,’’ मी म्हटलं, आणि उगाच गोधड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग खो-खो हसायला लागला. कित्येक दिवसांत मी त्याला असा हसताना बघितला नव्हता.

‘‘खोटं बोलाय येत नाय तुला, बेडकीण! अगो, केव्हाचा बरा झालाय तो.’’

‘‘तुला कोणी सांगितलं?’’

‘‘त्यानेच. फोनवर बोलत होतो, तिकडं मन्मथने मासे सोडले, आणि फाट् करून आवाज आला. शिकारीला तोंड मारताना जिताडा असा आवाज काढतो. पेंगता जिताडा असा तोंड मारतो काय? जन्म गेला माझा तो आवाज ऐकण्यात.’’

‘‘आणि तरी तू रोज येऊन विचारतोस, पट्टी कशी आहे म्हणून?’’

‘‘तिला वाटतं, मला कळत नाय. वाटू दे.’’ दादाचं हसू मावळलं. तो बाकावर टेकला आणि बराच वेळ तळहात चोळत बसला. त्याचे डोळे पाणावले होते, आणि त्याने ते लपवलेही नाहीत. ‘‘कुंदा, माझ्याशी बोलाय मिळावं म्हणून पोर समोरचा मासा सोडून उपाशी राहते गो. कसला बाप मी!’’

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

थोड्या वेळाने तो उठला. ‘‘तिला सांग, आज कालवण कर म्हणावं. डोकं तिनेच खायचं. आणि परवाच्या गाडीचं तिकीट काढ माझं. डॉक्टरीणबाई हो म्हणाली तर येताना पोरीला घेऊनच येतो.’’

‘‘काढते,’’ मी म्हटलं. ‘‘जावयाकडे पहिल्यांदा जातोयस, एक जिताडा झोपवून देऊ बरोबर? या वेळी गोळ्या मी टाकणार, तू बाहेर उभं राहायचं.’’

‘‘गोळी नको. जागाच नेतो, पिंपात.’’

‘‘वेडा आहेस का? दिल्लीसुद्धा बघायचा नाही तो. मेलेला मासा घेऊन उभा राहशील जावयाच्या दारात?’’

‘‘मेला तर मेला,’’ दादा म्हणाला. ‘‘मी पोचतो ना जिवंत?’’